ठमाबाईंनी बसवलेला चिनी देव

ठाकुर्लीला आमच्या इमारतीमागे जगनशेठचा बंगला आहे. आमची इमारतही त्यांच्याच भातशेतीवर उभी. त्या बंगल्यात ठमाबाई राहतात, जगनशेठच्या थोरल्या भावाच्या विधवा पत्नी. पासष्टी उलटली तरी कंबर ताठ. भांडताना कधी आवाज चढवत नाहीत, म्हणूनच मला त्यांची भीती वाटते.

जुनं घर पाडताना दिराने शब्द दिला होता, ‘वयनी, हॉलमध्ये पूर्वेच्या भिंतीत तुमच्या देवांना कोनाडा करतो.’ कोनाडा झाला, आतून दिवे लावलेला. पण देव बसायच्या आदल्या दिवशी तिथे एक लाकडी म्हातारा येऊन बसला, आणि सासूबाईंच्या वेळचे चांदीचे टाक स्वयंपाकघरामागे, गॅसच्या सिलिंडरशेजारी गेले.

‘ॲन्टिक हाय, वयनी. चीनमधला. शे-दीडशे वर्षांचा. तिकडची लोकं याला गावाच्या वेशीवर बसवायची, जमीन राखायला.’

‘मंजे देव हाय?’

‘देवच. पन आपल्याला शोसाठी.’

मी पाहिला तो. खुर्चीत बसलेला, लांब दाढी, गालात हसू, चेहरा पिढ्यान्‌पिढ्यांच्या उदबत्तीच्या धुराने काळवंडलेला. त्या काजळीतच त्याचं मोल, ओला फडकासुद्धा लावू नका, अशी दुकानदाराची ताकीद होती. ठमाबाईंनी ती नीट ऐकून ठेवली.

दर शनिवारी त्याच्यासमोर जगनशेठच्या दोस्तांचे ग्लास किणकिणायचे. ‘माजं देव सिलिंडरजवल,’ ठमाबाई मला म्हणाल्या, ‘नि ह्यो चखना बघत बसलाय. थांब जरा.’

त्या पावसाळाभर थांबल्या. मग मुंबईचे एक संग्राहक मूर्ती बघायला येणार, प्रदर्शनात मांडणार, खाली जगनशेठचं नाव लागणार, असं ठरलं. नेमक्या त्याच सकाळी मला निरोप आला, ‘पूजेचं ताट घेऊन ये.’

मी पोचले तोवर म्हाताऱ्याची दुधाने आंघोळ झाली होती. ठमाबाई तेलात कालवलेला शेंदूर त्याच्या कपाळावर, गालांवर, दाढीवर बोटांनी थापत होत्या; घाई नाही, गडबड नाही, थालीपीठ थापावं तशा. वर चांदीचे डोळे चिकटवले. गावातल्या बायकांनी हॉल भरलेला. त्यांची धाकटी जाऊ, जगनशेठची बायको नयन, कोपऱ्यातून सारखी दाराकडे बघत होती.

‘बाय, हे ओरडतील.’

‘देवाला शेंदूर लावला म्हनून? ओरडू दे की. आख्खा गाव ऐकंल.’

आरती चालू असतानाच जगनशेठ पाहुण्यांना घेऊन आले.

‘चपला भायेर!’ ठमाबाई म्हणाल्या.

संग्राहक अनवाणी पुढे आले, वाकून बघितलं, चष्मा काढून खिशात ठेवला. ‘हे गेलं आता, शेठ,’ म्हणाले, आणि चहासुद्धा न घेता निघाले. जगनशेठचा चेहरा त्या देवासारखाच झाला. खोटं कशाला बोलू, मला गुदगुल्या झाल्या.

‘टर्पेंटाइन आणा कुणीतरी! पुसून टाकतो!’

कुणी हललं नाही. उलट नयनच आडवी आली. ‘देवाचे डोळे उपटू नका हो! सुनेला सातवा लागलाय.’

बायकांच्या नजरा जगनशेठवर खिळल्या. त्यांनी आवाज उतरवला. ‘वयनी, तुमचे टाक आनतो इथं. एवढा ह्याला सोडा.’

‘टाक तर बसनारच. तुमी आनायचे, आंघोल करून. नि ह्यो बी बसंल. देव हाय, तुमीच सांगितलं.’

ओल्या केसांनी, धोतर नेसून त्यांनी टाक आणले. तेव्हापासून त्या हॉलमध्ये ग्लास वाजलेला नाही. दर अमावास्येला नारळ मात्र जगनशेठनेच फोडायचा, असा ठमाबाईंचा दंडक आहे.

परवा नारळ आणायला मी त्यांच्यासोबत गेले होते. दुकानदाराने दिलेला त्यांनी ठोकून बघितला आणि परत केला. ‘ह्यो लगेच फुटंल. जाड कवटीचा दे.’

दुसऱ्या दिवशी जगनशेठने आपटला. फुटला नाही. पुन्हा आपटला, पुन्हा. सदरा घामाने पाठीला चिकटला. बायका तोंडाला पदर लावून उभ्या. ठमाबाई दिराच्या अगदी मागे उभ्या राहून मायेने म्हणाल्या,

‘जोर लावा, भावजी. देव वाट बघतोय.’