उठवणीची शाळा

कागदाची घडी घातली की मावशी तिच्यावरून अंगठ्याचं नख फिरवायच्या आणि कागदालाच सांगायच्या, "जाय आता गावभर." आदिलाबादेत तुम्ही कधी एखादं पत्रक हातात घेतलं असेल, तर त्या नखाची रेघ तुमच्याही बोटांना लागली असेल.

आमच्या छापखान्यात त्या घड्या घालायला यायच्या. बाबा पत्रकं छापायचे. भानामती खोटी, अंगात येणं खोटं, हुंडा देऊ नका, घेऊ नका. मी अक्षरं शिकले ती या पत्रकांवरच. आणि त्याच ढिगाऱ्याआड बसून मावशी मला जादूच्या राज्याच्या गोष्टी सांगायच्या.

त्या राज्यात जादूच्या सात शाळा होत्या. पाण्याची, आगीची, पाखरांच्या बोलीची, अशा. सातवी उठवणीची. तिथं मेलेल्यांना उठवायची विद्या शिकवत. तिचे कायदे दोनच. उठलेलं माणूस नवं काही करत नाही, जिवंतपणी करायचं तेवढंच करतं. आणि दर उठवणीला उठवणाऱ्याची त्या माणसाबद्दलची एक आठवण कायमची जाते. फार वेळा उठवलं, तर समोर कोण बसलंय तेच ओळखू येत नाही.

कॉलेजात गेल्यावर मी एकदा त्यांच्यावर उखडले. "मावशी, हातात पत्रक कसलं आहे आणि तोंडात काय आहे? मेलेलं माणूस परत येत नाही."

"येतच नाय," त्या घडीवरून नख ओढत म्हणाल्या. "म्हून तं शाळा काढा लागली."

मशीनमागून बाबा हसले. मी दोन दिवस दोघांशी बोलले नाही.

मावशींची मुलगी नवव्या वर्षी तापानं गेली होती. ते त्यांनी मला कधी सरळ सांगितलं नाही. गोष्टीतल्या शाळेत एक बाई शिकत होती, तिची पोरगी गेलेली होती. ती पोरगी भाकरीचा पापुद्रा आधी सोलून नुसताच खायची. म्हशीला अक्का म्हणायची. नवी चप्पल झिजेल म्हणून हातात धरून चालायची. ही पोरगी कुणाची, ते कळायला मला बरीच वर्षं लागली.

"मग त्या बाईनं उठवलं का तिला?" कितीही चिडलेली असले तरी मी विचारायचेच.

"नाय. विद्या सारी शिकली. उठवलं नाय."

"काऊन?" मी त्यांच्याच बोलीत चिडवायचे.

"नऊच वर्साच्या आठवनी हायेत तिच्यापाशी, माय. पापुद्रा गेला तं मांगं काय रायते?"

मग त्यांच्या घड्या वाकड्या यायला लागल्या. छापलेली बाजू आत जाऊ लागली. डॉक्टर म्हणाले, विसरण्याचा आजार आहे, वाढत जाईल.

त्या दिवशी मावशींनी माझा हात घट्ट धरला. "तुले लिवता येते. पापुद्र्याचं लिवून ठेव. म्हशीचं बी लिव."

मी एका पत्रकाच्या कोऱ्या बाजूवर सगळं लिहिलं. त्यांनी घडी घातली, नख फिरवलं. त्या कागदाला मात्र 'जाय' म्हणाल्या नाहीत. कनवटीला लावला. रोज मी त्यांच्या घरी जाऊन तो वाचून दाखवायचे.

एका दुपारी वाचून झाल्यावर त्यांनी विचारलं, "कोनाची वो ही पोरगी?"

"तुमची, मावशी."

मग कोपऱ्यातल्या पाटाकडं बोट करून हळूच म्हणाल्या, "अन ते कोन हाय? मघापासून निरा पापुद्राच खाऊन राह्यली. भाकर तशीच पडली हाय. तिले पानी दे माय, ठसका लागन."

पाट रिकामा होता. कुठल्याही सभेत उभं करा, मी हेच सांगेन. पण त्या दुपारी मी उठले, माठातून पेला भरला आणि पाटासमोर ठेवला.

मावशी श्रावणात गेल्या. तो कागद त्यांच्या सुनेनं मला आणून दिला. घडीवरची नखाची रेघ अजून तशीच आहे. कधी कधी मावशींना उठवावंसं फार वाटतं. तेव्हा मी तो कागद हातात घेते, आणि घडी न उघडता परत ठेवून देते.