ड्रमवाल्यासाठी बांधलेल्या वेष्ट्या

आमच्या तंजावुरात त्या काळी एक रॉक बँड होता, असं सांगितलं की लोक माझ्याकडे अशा नजरेनं पाहतात, जणू मोठ्या देवळातला नंदी पहाटे गवत खायला उठतो असं मी म्हणालोय. पण बँड होता. चौघांचा होता, आणि त्याच्यावर जीव टाकणारे आम्ही चारशे होतो. बरं, एकवीस होतो. पण आवाज चारशेंचा करायचो.

साठचं दशक उतरणीला लागलं होतं. रेडिओवर कुठली कुठली इंग्रजी गाणी लागायची, ती ऐकून या चौघांची डोकी फिरली. गिटार विकत आणायची ऐपत नव्हती, म्हणून त्यांनी वीणा घडवणाऱ्या एका कारागिराला गिटारीचं चित्र दाखवलं. त्या भल्या माणसानं फणसाच्या खोडातून गिटार कोरली आणि हात वीणेच्या वळणावर गेला म्हणून टोकाला याळीचं, म्हणजे सोंडवाल्या सिंहाचं, तोंडही बसवलं. वजन दीड माणसाचं. ती गळ्यात अडकवून उभं राहिलं तर खांदा निखळायचा, म्हणून गिटारवाला मांडी घालून वाजवायचा. तो वीज खात्यात लाइनमन होता. गाण्याच्या मध्येच फ्यूज उडाला की गिटार खाली ठेवून बाहेर खांबावर चढायचा, तार जोडायचा आणि खाली येऊन नेमक्या त्याच ओळीवर परत सुरू व्हायचा. गाणारा गणिताचा मास्तर. आमच्या घरी बोलतो त्या मराठीत तो गाणी रचायचा आणि वाचायला सोपं म्हणून तमिळ अक्षरांत लिहायचा. तिसरा पेटी वाजवायचा, आणि बहुधा वेगळंच गाणं वाजवायचा. दर कार्यक्रमाला बँडचं नाव बदलायचं, त्यामुळे आम्ही नुसतं ‘बँड’ म्हणायचो. पापनाशमला, ओरत्तनाडूला, कुठंही कार्यक्रम असला की सायकली काढायचो.

पण बँडचा प्राण होता ड्रमवाला. जनावरांच्या दवाखान्यात कंपाउंडर. लहानपणी मृदंग शिकला होता, पण हात फार जोरात पडतो म्हणून गुरूनं घरी पाठवला. खांबाची दुरुस्ती चालू असली की तो एकटा वाजवायचा. असा वाजवायचा की कावेरीतले मासे काठावर येऊन बसत. मी पाहिलेत.

आता आमच्या गावची रीत सांगायला हवी. मैफलीत गवई थांबला आणि मृदंगवाला एकटा वाजवू लागला, की श्रोते उठून कॉफीला जातात. त्यात अपमान करायचा हेतू नसतो. आमच्या बापजाद्यांनी हेच केलं. मी पाच वर्षांचा असल्यापासून वडिलांचं बोट धरून हेच केलं. चामड्यावर एकटी थाप पडली की डोकं विचारात पडायच्या आत पाय उठतात. बँडच्या कार्यक्रमातही तेच व्हायचं. ड्रमवाला एकटा वाजवू लागला की आम्ही एकवीसच्या एकवीस, त्याच्यावर जीव टाकणारे, बाहेर फिल्टर कॉफी ओतून घेत उभे. परत यायचो तेव्हा तो घाम पुसत असायचा, आणि आम्ही म्हणायचो, ‘अण्णा, काय वाजवलंत.’

एका शुक्रवारी तो माझ्या कचेरीच्या दारात सायकल टेकवून उभा राहिला.

‘तिरुचीच्या वरातीच्या बँडनं बोलावलंय,’ तो म्हणाला. ‘सोमवारी जाऊन काय ते सांगायचंय.’

‘वरातीत? तुम्ही?’

‘वरातीत माणसं बरोबर चालतात. वाजवताना सोडून जात नाहीत. रविवारच्या कार्यक्रमात अजून एकदा बघतो. एक माणूस जरी उठला, तर मी चाललो.’

‘अण्णा, ते कॉफीचं...’

‘कळतं रे मला. मीही मृदंगाला उठतोच. पण ड्रमवर कोण बसलंय ते बघून उठा की.’

तो गेला तर बँड संपला, हे आम्हां सगळ्यांना ठाऊक होतं. संध्याकाळी आमच्या घरी बैठक भरली. आम्ही शपथा घेतल्या. देवीची, आईची, नोकरीची. ओसरीत केळफूल सोलत बसलेली माझी अत्त्या ऐकत होती. नऊवारी नेसणारी, साठी उलटलेली आणि बँडची आमच्याहून कडवी भक्त. एकविसांतली एक तीच.

‘शपथेनं काय होतं?’ ती म्हणाली. ‘तुमचे पाय तुम्हास विचारतात काय? मागल्या खेपी सर्वांत आधी कोण उठला?’

मी छताकडे पाहिलं.

‘हाच,’ ती म्हणाली. ‘रविवारी मजला तुमच्या वेष्ट्यांची टोकं पाहिजेत.’ वेष्टी म्हणजे आम्ही कमरेला लुंगीसारखं गुंडाळतो ते पांढरं धोतर.

रविवारी शाळेच्या हॉलात जमखान्यावर आम्ही वीस पुरुष एका रांगेत बसलो. दिवे मंद झाल्यावर अत्त्या गुडघ्यांवर सरकत आली आणि प्रत्येकाच्या वेष्टीचं टोक शेजाऱ्याच्या वेष्टीला बांधत गेली. गाठी अशा, की बैलही सुटला नसता. शेवटचं टोक स्वतःच्या मुठीत घेऊन ती काठाला बसली.

‘आता जा कॉफीस,’ ती म्हणाली. ‘जायचं तर वेष्टी येथे ठेवून जा.’

तिसऱ्या गाण्यात फ्यूज उडाला. गिटारवाला खांबाकडे पळाला. मिणमिणत्या कंदिलाच्या उजेडात ड्रमवाल्यानं आमच्यावर नजर रोखली आणि पहिली थाप मारली.

शपथा वाहून गेल्या. चाळीस पाय एकाच क्षणी उठले. पण एकाला डावीकडे जायचं, दुसऱ्याला उजवीकडे, आणि वेष्ट्या ताणलेल्या. कुणीच हलू शकेना. बसायलाही जमेना, कारण शेजारी उभा. रांगेच्या टोकाला अत्त्या मूठ न सोडता ओढली गेली आणि तीही उभी राहिली. एका हातानं कमरेची गाठ सांभाळायची, तर दुसऱ्या हाताचं काय करायचं? सवयीनं मांडीवर ताल धरला. एकवीस माणसं उभी, एकवीस हात ताल देताहेत.

आमच्याकडे टाळ्या द्यायला कुणी उभं राहत नाही. माणूस उठतो तो जायला, नाहीतर देवाची पालखी आली म्हणून. ड्रमवाल्याचा हात क्षणभर हवेत थांबला. मग त्यानं जे वाजवलं, ते मी आजवर कुणाला नीट सांगू शकलेलो नाही, आणि सांगण्यात मी कमी पडतो असं कुणी म्हणणार नाही. गिटारवाला तार जोडून आला, तर दारातच उभा राहिला. दिवे लागले तरी कुणी पुढचं गाणं सुरू करेना. तासभर तरी चाललं असेल. घड्याळाप्रमाणे वीस मिनिटं.

संपल्यावर तो थेट आमच्याकडे आला. लख्ख उजेडात गाठी दिसत होत्या. मी मान खाली घातली. आता हा तिरुचीला जाणार.

तो अत्त्यासमोर बसला आणि तिच्या मुठीतलं टोक सोडवू लागला. एक गाठ, दुसरी गाठ. बोटं सुजली होती, तरी एकेक गाठ तोच सोडवत पुढे सरकला. दहाव्या गाठीला माझ्यापाशी पोचला.

‘ही कल्पना कुणाची?’

‘अत्त्याची,’ मी म्हणालो. ‘अण्णा, खरं सांगायचं तर आम्ही उठलो ते...’

‘दिसलं मला. पहिल्या थापेलाच दिसलं.’ गाठ सुटेना, तेव्हा त्यानं ती दातांत धरली आणि ओढून मोकळी केली. ‘वरातीतली माणसं नवरदेवामागे चालतात रे. माझ्यासाठी अजून कुणी स्वतःस बांधून घेतलं नव्हतं.’

मग तो अत्त्याकडे वळून म्हणाला, ‘पुढल्या रविवारी पापनाशमला जरा ढिल्या बांधा. टोकाचे दोघे कलंडत होते, त्यांचा ताल चुकत होता.’