मामांच्या नावाने

रुग्णालयाच्या तळघरात रेकॉर्ड खोली, तिला एकच खिडकी, आणि खिडकीमागे मामा. ते खरे मामा एकटीचेच, प्रयोगशाळेत काम करणाऱ्या त्यांच्या भाचीचे. तिचं ऐकून आम्ही सगळेच त्यांना मामा म्हणू लागलो. तीस वर्षं कोणालाही पेशंटची फाईल हवी असली, की मामांच्या पुढ्यात उभं राहावं लागे. कोणाला हवी, कशाला हवी, परत कधी येणार, सगळं वहीत. एकदा खुद्द मोठे साहेब कोणा ओळखीच्या माणसाची फाईल "सहज बघायला" मागत आले.

"सहज बघायला बाहेर बाग आहे, साहेब," मामा म्हणाले.

साहेबांच्या अंगाचा तिळपापड झाला, पण फाईल काही मिळाली नाही.

नाजूक आजारांच्या फायलींना मामांनी लाल दोरा बांधला होता. अशा एक्केचाळीस फायली होत्या, त्यांतली एक भाचीची. वडील गेल्यावर मामांनीच तिला वाढवलं होतं. इथे नोकरीला लागण्याआधी ती एकदा मनाने पार खचली होती आणि तीन आठवडे आमच्याच मानसोपचार विभागात होती. इथल्या लोकांच्या जिभेला हाड नाही, हे मामा पुरतं ओळखून होते.

मग संगणक आला. फायली स्कॅन झाल्या. नाव टाकलं की फाईल समोर, मध्ये कोणी विचारणारा नाही. तो बसवणाऱ्या इंजिनिअरला मामांनी विचारलं, "लाल दोऱ्याचं काय?"

"सोय आहे ना. कोणी कोणती फाईल उघडायची ते ठरवता येतं. वर कोणी उघडली त्याची नोंदही राहते."

"मग ठरवा की."

"ते साहेब सांगतील."

साहेबांनी सांगितलं, सगळ्यांना सगळं उघडं ठेवा, कामं अडायला नकोत. एवढ्या वर्षांचा राग त्यांनी असा काढला. मामांनी एक्केचाळीस दोरे सोडवले, गुंडाळले आणि खणात ठेवून दिले.

त्यात आमचा आळस. मामा सगळ्यांच्या आधी येत आणि स्वतःच्या पासवर्डने संगणक उघडत. मग दिवसभर त्यांच्या हाताखालचे आम्ही पाचजण त्यांच्याच नावावर. पुन्हा बंद करून आपल्या नावाने उघडायचं आमच्या जिवावर येई. मामा ओरडत, "अरे, माझ्या सहीवर कारभार चाललाय तुमचा!" आम्ही फिदीफिदी हसायचो.

प्रयोगशाळेच्या प्रमुखपदासाठी भाचीचं नाव पुढे आलं. एका दुपारी मामा जेवायला गेले असताना मी ते नाव संगणकात टाकलं. कशाला? काही नाही, सहज बघायला. फाईल उघडली, मी वाचली, आणि ती माझ्या पोटात राहिली नाही. मी एकीलाच सांगितलं, "तुझ्यातच ठेव" असं बजावून. आठवड्याभरात वरच्या मजल्यावर कुजबुज सुरू झाली, हिला झेपेल का म्हणून. पद दुसऱ्याला मिळालं.

भाचीने तक्रार केली. नोंद काढली तर तारीख, वेळ आणि मामांचं नाव. साहेबांनी आम्हा पाचजणांना एकेक करून बोलावलं आणि एकच विचारलं, "संगणक कोणाच्या नावाने चालू होता?"

"मामांच्या," मी म्हणाले. यात खोटं काय होतं? समोर कोण बसलं होतं, हे त्यांनी विचारलंच नाही. त्यांना विचारायचंच नव्हतं, आणि मला सांगायचं नव्हतं.

मामा म्हणाले, "मी जेवत होतो." साहेब म्हणाले, मग पासवर्ड दुसऱ्याच्या हाती दिला, हाही गुन्हाच. निवृत्तीला आठ महिने असताना मामांना घरी बसवलं. जाताना ते मला म्हणाले, "तीस वर्षांत माझ्या वहीत एक नोंद खोटी नाही गं. ही पहिलीच." मी खाली बघून कागद लावत राहिले.

चार दिवसांनी भाची खिडकीशी आली. डोळे सुजलेले.

"ताई, तुम्ही इथेच असता. खरं सांगा. मामांनीच उघडली का हो?"

एवढंच सांगायचं होतं, की मी उघडली. तोंडापर्यंत आलंही होतं.

"नाव तर त्यांचंच आहे गं," मी म्हणाले.

ती मान हलवून गेली. त्याच महिन्यात तिने मामांचं घर सोडलं.

आता सगळ्यांच्या आधी मी येते. माझ्या नावाने संगणक उघडते, आणि पाणी प्यायला उठले तरी आठवणीने बंद करून जाते.