विंगेतल्या मावशीचं प्रात्यक्षिक

अडतीस वर्षं ती विंगेत उभी राहिली. हातात संहिता, नजर रंगमंचावर आणि ओठांवर पुढचं वाक्य तयार! नट अडला की शब्द त्याच्या कानात पोचलाच पाहिजे, आणि पहिल्या रांगेला तो ऐकू जाता कामा नये. प्रॉम्प्टरचं काम साधंसुधं नव्हे, मंडळी. टाळ्या नटाला, हार नटाला. पण किती नटांची लाज या बाईनं राखली, ते त्या नटांनाच ठाऊक. सगळी कंपनी तिला मावशी म्हणायची. सख्खी भाची मात्र एकच, थोरल्या बहिणीची लेक, आणि नेमकी तीच मावशी आली की खोलीतून उठून जायची.

भाची सव्वीस वर्षांची, ऑटिझम असलेली. एका इस्पितळाच्या धुलाईघरात ती चादरींच्या घड्या घालायची, आणि कोपऱ्याला कोपरा असा जुळवायची की बघत राहावं. बोलायची कमी, तेही मोजक्या माणसांशी. मावशी दारातूनच सुरू व्हायची, "काय गं, बरी आहेस ना? चहा घेणार? नको? बरं, दूध देते!" की भाची कानांवर हात ठेवून आत.

"मी आवडतच नाही तिला," मावशी म्हणायची.

"तिला गलबला आवडत नाही. आणि तू म्हणजे चालतंबोलतं मध्यंतर!" ताई हसायची.

मग ताईच्या खुब्याचं ऑपरेशन ठरलं. काही दिवस इस्पितळ, पुढे दोन महिने सक्तीची विश्रांती. लेकीजवळ कोण राहणार? मावशीनं हात वर केला.

"माया आहे गं तुझी," ताई म्हणाली, "पण नुसत्या मायेनं भागत नाही. शिकून ये. ऑटिझम असलेल्यांना सांभाळायला शिकवतात, तो अभ्यासक्रम कर, प्रमाणपत्र दाखव, मग घराची किल्ली देते. नाहीतर मी ऑपरेशन पुढे ढकलते."

दुखण्यानं ताईला जिना चढवत नव्हता. मावशीनं दुसऱ्याच दिवशी जाऊन अभ्यासक्रमाला नाव घातलं. वय वर्षं सहासष्ट.

शेजारच्या बाकावर एक बसचालक होता. पहिल्याच आठवड्यात त्यानं मान लांब केली. "आजी, दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर जरा बघू द्या की."

"स्वतःचं लिहा! जन्मभर दुसऱ्यांना वाक्यं पुरवली, आता बास."

वर्ग खदखदून हसला. शिकवणाऱ्या मॅडम मावशीची लेक शोभाव्यात अशा वयाच्या. मावशी त्यांचं सगळं टिपून घ्यायची. ऑटिझम हा आजार नाही, आईबापांच्या वळणाचा दोष तर नाहीच. पंख्याची घरघर, ट्यूबलाइटची लुकलुक एखाद्याला असह्य होते. एका माणसाचं कळलं म्हणजे दुसऱ्याचं कळलं असं नाही. प्रश्न मनात उतरायला वेळ लागतो, तो द्यावा. लेखी परीक्षेत ती वर्गात पहिली आली. पाठांतराला कोण भिणार?

आणि प्रात्यक्षिकात सपशेल आपटली.

ऑटिझम असलेली माणसं दिवसभर जिथे येतात, तशा एका केंद्रातल्या गृहस्थांबरोबर वीस मिनिटं काढायची होती. हे वाचनालयाच्या पुस्तकांवर शिक्के मारायचे, म्हणून सगळे त्यांना शिक्केवाले म्हणत. मावशीनं छान, हळू आवाजात विचारपूस केली. संपल्यावर मॅडमनी कागद पुढे केला.

"मावशी, तुम्ही अकरा प्रश्न विचारलेत. त्यातल्या नऊ प्रश्नांची उत्तरं तुम्हीच दिलीत."

मावशीचा चेहरा पडला. खोटं कसं म्हणणार? समोरचा दोन श्वास गप्प राहिला की तिच्या तोंडून शब्द निघालाच. अडतीस वर्षांची सवय! फेरपरीक्षा आठवड्यावर होती. तीही हुकली तर पुढची तुकडी चार महिन्यांनी, आणि ताईचा खुबा तोवर थांबणार नव्हता.

त्या आठवड्यात तिला कंपनीतल्या मोठ्या बाई आठवल्या. एका भरगच्च प्रयोगात मावशीनं त्यांना शब्द पुरवला होता आणि आत येताच त्या कडाडल्या होत्या, "अगं, मी विसरले नव्हते, थांबले होते! त्या थांबण्यातच सगळं होतं!" तेव्हापासून मावशी नटाचे डोळे वाचायला शिकली. विसरलेला नट विंगेकडे बघतो. थांबलेला बघत नाही. तो आपल्या कामात असतो.

ही विद्या रंगमंचावर वापरली, माणसांवर वापरायचं राहूनच गेलं की!

फेरपरीक्षेला शिक्केवाले तेच, खोली तीच. मावशीनं विचारलं, "इथे बसायचं की बाहेर?" आणि ती गप्प झाली. शिक्केवाल्यांची बोटं मांडीवर एकेक करून उघडत होती, मिटत होती. नजर तिच्याकडे नव्हती. थांबलेत, विसरले नाहीत, तिनं स्वतःला बजावलं. दहा श्वास झाले. पंधरा झाले.

"बाहेर," ते म्हणाले. "आत दिवा आवाज करतो."

मावशीला वर बघितल्यावर कुठे ती बारीक गुणगुण ऐकू आली. आठवड्यापूर्वी त्या गुणगुणीखाली बसवून आपण या भल्या माणसाला वीस मिनिटं सतावलं! "तुमचे उपकार झाले," ती म्हणाली, आणि ते परीक्षेसाठी नव्हतं. बाहेर व्हरांड्यात तिनं दोन प्रश्न विचारले, बस्स. मॅडमनी तिथल्या तिथे सही केली.

किल्ली मिळाली. ऑपरेशन झालं. तिसऱ्या संध्याकाळी इस्पितळातून ताईचा फोन आला. भाची टेबलाशी टॉवेल घडी करत होती. दिवसभर दोघी एकाच खोलीत होत्या.

"कशी आहे गं ती? जेवली का? रडली नाही ना?"

"तिलाच विचार," मावशीनं फोन टेबलावर मधोमध ठेवला.

"बाळा, बरी आहेस ना? मावशी त्रास नाही ना देत? जेव..."

"ताई, श्वास घे," मावशी म्हणाली.

फोन गप्प झाला. भाचीनं टॉवेलाचा कोपरा जुळवला, हातानं दाबला, दुसरा जुळवला. मावशीचे ओठ मिटलेले होते, डोळे मात्र भरून आले होते.

"आई," भाची म्हणाली, "मावशीला इथेच राहू दे."