उदगीरपुढची दगडांची रांग

नांदेडहून कन्याकुमारीला सायकलवर जाऊन आलेला माणूस घराजवळ येऊन माती कशी खातो, ऐकायचंय? चहा घ्या अन् ऐका. हसा खुशाल, मला आता सवय झालीय!

मी आणि माझा दोस्त सलीम. त्याचं नांदेडात शिलाईचं दुकान. परतीच्या वाटेवर उदगीर मागं टाकलं, नांदेड एका दिवसावर आलं. मी तर हवेतच! दुष्काळ असा की नदीच्या पात्रात पोरं क्रिकेट खेळत होती. लातूर जिल्हा नुकताच झालेला. रस्त्यावरच्या पाट्या नव्याकोऱ्या, नळ मात्र कोरडे.

एका गावाबाहेर माझं मागचं चाक बसलं. सामान उतरवून सायकल उलटी केली, तर ती डुगडुगायला लागली. टेकण लावायला दगड हवे होते. अन् बघतो तर काय, रस्त्याकडेला दगडांची सरळ रांग! कुठल्या दगडाला चिंधी बांधलेली, कुठल्यावर चुन्याची फुली.

"नव्या जिल्ह्याचा नवा रस्ता आखलाय वाटतं," मी म्हणालो.

"हात नक्को लगा मियाँ," सलीम म्हणाला. "किसी का कुछ रहेगा."

"अरे, सरकारी दगड! कोण विचारतंय?"

दोन-चार सायकलखाली सारले, एकावर स्वतः बसलो. बाकीचे पायात येत होते, म्हणून तेही बाजूला ढकलले. मिजास बघा माझी!

पंक्चर निघतंय न निघतंय तोच टँकरचा हॉर्न वाजला आणि गावातून बायका घागरी घेऊन पळत आल्या. पुढची एकदम थबकली.

"माझा नंबर कुणी हालवला?"

"बाई, मी फक्त दगड…"

"आरं, दगड न्हाई त्यो! पहाटपासून तिथं मी उभी हाय!"

तेव्हा कुठं माझी ट्यूब पेटली. रोजगार हमीच्या कामावर जायचं म्हणून बायका पहाटेच आपापला दगड रांगेत ठेवून जायच्या अन् दुपारी कामावरून परतल्या की टँकरची वाट बघायच्या. जिचा दगड पुढं, तिची घागर आधी.

आता तरी गप्प बसावं ना? छे! "थांबा, मला आठवतंय," म्हणत मीच रांग लावायला घेतली. चुन्याची फुली पुढं, चिंधी शेवटी. झालं, एकच गलका!

"माझा तिच्याम्होरं व्हता!"

"कवा गं? सपनात का?"

"लवकर करा," टँकरवाला ओरडला, "मला लई गावं हायत अजून!"

शेवटी मी लावली तशीच रांग चालली. चिंधीवाला दगड रुक्मिणबाई नावाच्या बाईंचा. तो खरा पहिला होता, माझ्या कृपेनं शेवटचा झाला. त्यांनी घागर पुढं केली अन् टँकर संपला.

त्यांनी शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. रिकाम्या घागरीत बघत म्हणाल्या, "घरी म्हातारा तापानं फणफणून राहिला. त्याला आता काय पाजू?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आमच्या वॉटरबॅगा त्यांच्या हवाली केल्या, सायकलींना घागरी बांधल्या आणि शेजारच्या गावची विहीर गाठली. दिवस मावळेपर्यंत नुसत्या खेपा! कन्याकुमारीच्या वाटेवर घाट चढलो, पण अशी फेफे उडाली नव्हती. पण रांजण भरला. रुक्मिणबाईंनी भाकरी वाढली, ओसरीवर झोपायला घोंगडी दिली.

सकाळी निघालो, तर टँकरच्या जागी सगळ्या बायका ओळीनं हजर! रुक्मिणबाई सगळ्यांत पुढं. मला भरून आलं हो. सायकल थांबवून हात जोडले.

"मायमाउल्यांनो, इतक्या सकाळी निरोपाला आलात! तुमचं गाव मी जन्मात विसरणार नाही!"

कुणी हललं नाही. कुणी हात वर केला नाही.

सलीमनं मागून माझं कॅरियर ढकललं. "चल रे बाबा. पायाकडं बघ त्यांच्या."

बघितलं. प्रत्येकीनं आपापल्या दगडावर पाय रोवला होता.

"तू हो फुडं, लेकरा," रुक्मिणबाई मायेनं म्हणाल्या. "तू दिसंनासा झालास की मंग आमी कामाला जातो."