सात फुल्या

कापडावरून चालणारा त्याचा तळहात एकदम थांबायचा. मान वर न करता तो म्हणायचा, "हां, हाय इथं." मग खडू उचलून कापडाच्या काठाला, चुकीच्या बरोब्बर समोर, एक बारीक फुली मारायचा आणि हात पुन्हा चालू. तुटका धागा असो, तेलाचा डाग असो, रंगाचा पट्टा असो, त्याच्या तळहाताखालून काही निसटलेलं मी बारा वर्षांत पाहिलं नाही.

तुमच्याही कामाच्या ठिकाणी असा एखादा असेल, ज्याच्या भरवशावर बाकीचे निवांत चहाला जातात. पांडेसऱ्याच्या आमच्या मिलमध्ये मी तपासणी खात्याचा मास्तर. म्हणजे ओरडायचं काम माझं आणि बघायचं काम त्याचं. नाव सांगत नाही, त्याला आवडायचं नाही. शिरपूरकडचा, ताडमाड उंच, आणि इतका हळू बोलणारा की मशिनांच्या आवाजात त्याचे ओठच वाचावे लागायचे.

माल घाईत पाठवायचा असला की मी त्याच्यावर खेकसायचो. "अरे बाबा, दोन फुल्या कमी मारल्यास तर काय आभाळ कोसळेल?"

"लपाडीसन काय फायदा, मास्तर?" तो म्हणायचा. लपवून काय फायदा. "गिऱ्हाईक घडी उलगडेलच ना."

शेठ त्यांच्या गुजरातीत म्हणायचे, "माणस सारो छे, पण थोडो गांडो छे." चांगला, पण जरा वेडा. मी मान हलवायचो, दोन्हींना.

त्याची आई अर्धांगानं दोन वर्षं अंथरुणाला खिळून होती. तिला कूस बदलून देणं, पुसणं, भरवणं, वेण्या घालणंसुद्धा, सगळं हाच करायचा. बायकोला साड्यांना चमकीच्या टिकल्या लावायचं काम असायचं. दोन वर्षांत म्हातारीच्या पाठीला एक जखम झाली नाही. दवाखान्यातून येणारी नर्स एकदा म्हणाली, "भाऊ, तुम्ही आमच्या लाइनीत यायला हवं होतं." असं आपल्यालाही लोक म्हणतात हो! आपण हसतो आणि सोडून देतो. यानं ते धरून ठेवलं. आई गेली, तेराव्याला सगळे जेवून गेले, आणि चौदाव्या दिवशी हा माझ्यासमोर उभा.

"मास्तर, मी नर्सिंगला जातो."

मी कपाळावर हात मारला. "वय काय तुझं?"

"चौतीस. हे शेवटचं वर्ष हाय. पुढल्या वर्षी घेत नाहीत."

तो चौकशी करूनच आला होता. बारावी झाली होती, पण कशीबशी. इंग्रजीत पस्तीस मार्क, काठावर पास. नर्सिंगला चाळीस लागत होते. पाच मार्कांसाठी सतरा वर्षांनी पुन्हा इंग्रजीचा पेपर! बाहेरून एकाच विषयाला बसता येतं म्हणे. फॉर्म भरूनही झाला होता.

मग आमची जेवणाची सुट्टी म्हणजे शाळा झाली. हा एका हातात भाकरी आणि दुसऱ्या हातात गोळ्यांचं पाकीट घेऊन बसायचा, आणि आईच्या उरलेल्या औषधांवरची बारीक अक्षरं मोठ्यानं वाचायचा. "मास्तर, 'कीप अवे फ्रॉम चिल्ड्रन' म्हणजे?" मला तरी कुठं येत होतं? पण मास्तर म्हटल्यावर अब्रूचा प्रश्न. मी आदल्या दिवशी मुलीला विचारून यायचो.

पेपर दिला, निकाल लागला, आणि याचा निकाल रोखलेला. बोर्डाचं पत्र आलं: उत्तरपत्रिकेवर संशयास्पद खुणा आढळल्या, अहमदाबादच्या कार्यालयात सुनावणीस हजर राहावे. प्रवेशाची मुदत संपायला सहा दिवस उरलेले.

"कसल्या खुणा केल्यास रे?"

त्यानं हाताला लागलेला खडू पँटला पुसला. मग म्हणाला, "जे उत्तर चुकलं वाटलं, तिथं फुली मारली."

"पेपरात?"

"हात गेला, मास्तर. सवय."

अरे देवा! परीक्षकाला ओळख पटावी म्हणून पोरं अशा खुणा करतात आणि मग मार्क वाढवून घेतात, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. या शहाण्यानं स्वतःच्या चुका स्वतः दाखवून दिल्या, आणि तीच चोरी ठरत होती.

आता खोटं कशाला बोलू? ते पत्र वाचताना माझ्या मनाला क्षणभर बरं वाटलं होतं. चला, हा काही जात नाही, माझं टेबल रिकामं होत नाही. मग त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि माझी मलाच शरम वाटली. शेठकडून दोघांची रजा घेतली, त्यानं तपासलेल्या कापडाचा एक तुकडा काखोटीला मारला आणि सकाळच्या बसनं दोघं अहमदाबादला गेलो.

टेबलामागे एक बाई आणि दोन साहेब होते. ते काही विचारायच्या आत मी त्यांच्या फायलींवर कापड पसरलं. काठावरच्या फुल्या दाखवल्या, आणि माझ्या मोडक्या हिंदीत तडतडलो, "मॅडम, ये आदमी चोर नहीं, चेकर है! बारा साल से यही करता है!"

एक साहेब हसायला लागले. बाई हसल्या नाहीत. त्यांनी एकेका फुलीसमोरून बोट फिरवलं, डाग पाहिले, मग उत्तरपत्रिका उघडली. फुल्या सात होत्या. सहा ठिकाणी उत्तर खरंच चुकलेलं. सातवी फुली निबंधाच्या शेवटी होती. निबंध आईवर होता.

"इसमें तो कुछ गलत नहीं," बाई म्हणाल्या.

"मॅडम, आखरी लाइन झूठ है."

त्यांनी शेवटची ओळ मोठ्यानं वाचली. आता माझी आई बरी आहे आणि घरात चालते-फिरते, असं त्यानं इंग्रजीत लिहिलं होतं.

"वो गुजर गई," तो नेहमीपेक्षाही हळू म्हणाला. "मरने का लिखने को हाथ नहीं चला."

 मी कापडाची घडी घालत बसलो. बाईंनी चष्मा काढून पुसला, आणि साहेबांकडे न बघताच कागदावर सही केली. दुसऱ्या दिवशी निकाल आला. बेचाळीस. चौथ्या दिवशी प्रवेश झाला, वर्गात सगळ्यांत थोराड विद्यार्थी हाच.

त्याच्या जागी मी दोन माणसं लावली. दोघांवर मिळून ओरडतो, तरी माल परत येतो. तो सुरुवातीला रविवारी भेटायचा, मग अभ्यास, मग ड्यूट्या. साडेतीन वर्षं कशी गेली कळलं नाही. एका हॉस्पिटलात नोकरी लागल्याचं त्यानं फोनवर सांगितलं तेव्हा मागून कुणीतरी त्याला हाका मारत होतं आणि बोलणं अर्धंच राहिलं.

परवा शेजाऱ्याला बघायला त्याच हॉस्पिटलात गेलो होतो. म्हटलं, भेटून जाऊ. वॉर्डाच्या दाराशी उभा राहिलो. आत तो पाठमोरा, एका म्हाताऱ्याला कुशीवर वळवत होता. एक हात मानेखाली, एक कमरेखाली. पलीकडच्या खाटेवरून दुसरा आजोबा करवादला, "ओ सिस्टर! किती वेळ?"

मला हसू फुटणार होतं. इतका दांडगा गडी, आणि सिस्टर!

"आलो, बाबा," तो म्हणाला. पण हातातल्या म्हाताऱ्याची पाठ त्यानं आधी नीट पुसली, सदरा खाली ओढला, अंगावर चादर घातली. मग पलीकडे गेला.

मी हाक मारायला तोंड उघडलं होतं. तेवढ्यात तिसऱ्या खाटेवरून कुणीतरी त्याला बोलावलं, आणि मी तसाच जिना उतरलो.