आईला जरा बरं नाही

माझ्या नातीच्या हाताखाली कट्ट असा आवाज झाला. वाळली काडी मोडावी तसा. जावेची बरगडी मोडली होती आणि नात थांबली नाही.

"अगं मोडलं काहीतरी! सोड तिला!" पुतण्या ओरडला. जाऊ म्हणजे माझ्या धाकट्या दिराची बायको, आणि पुतण्या तिचा एकुलता एक मुलगा. ती गोठ्यापुढं चिखलात उताणी पडली होती. ओठ निळे, डोळे अर्धे उघडे. नात गुडघ्यांवर बसून दोन्ही हातांनी तिची छाती दाबत होती.

कोल्हारच्या पुढं आमची वस्ती. दुपारी लाईट आली आणि जाऊ गाईंसाठी मका कापायला गेली. ओल्या हातानं कडबाकुट्टीच्या मशीनचं बटण दाबलं आणि चिकटली. दिरांनी मेन बटण खाली पाडलं तेव्हा सुटून पडली. नात धावत आली, मानेला बोटं लावली, नाकाशी गाल नेला आणि म्हणाली, "काका, ॲम्ब्युलन्सला फोन लावा. श्वास नाही म्हणून सांगा. तसंच सांगा, नाहीतर काळजाला शॉक द्यायची मशीन नसलेली गाडी पाठवतील."

नात नगरला ॲम्ब्युलन्सवरचा कोर्स करत होती. शेवटची परीक्षा तेवढी राहिली होती. सुट्टीला आली की गोधडीची वळकटी करून तिच्यावर सराव करायची. मी म्हणायची, "गोधडी धुताना बी कुनी एवढं बडवत न्हाई." मधल्या एका चाचणीत ती नापास झाली होती, ती दाबण्यात नव्हे, बोलण्यात. पेशंटची हालत फोनवर सांगायची होती, तर ही म्हणाली, "त्यांना बरं वाटत नाहीये." शिकवणाऱ्या बाईंनी तिथंच अडवलं. "बरं तर पडसं झालेल्यालाही वाटत नाही," म्हणाल्या.

तिचा तरी काय दोष? आमच्यात वाईट शब्द तोंडातून काढत नाहीत. बांगडी फुटली तरी वाढवली म्हणतात, दुकान बंद केलं तरी वाढवलं म्हणतात. मला ते कधी साधलं नाही. चौथीपर्यंत शाळेत गेले, तिथंही तोंडाळ म्हणूनच छड्या खाल्ल्या.

पुतण्यानं फोन लावला. पलीकडच्या बाईचा आवाज सगळ्यांना ऐकू येत होता. काय झालंय, असं तिनं विचारलं.

"आईला जरा बरं न्हाई," पुतण्या म्हणाला.

"म्हणजे काय होतंय? शुद्धीवर आहेत का?"

"चक्कर आल्यावानी झालंय. जरा अवघड हाय."

"श्वास चालू आहे का?"

पुतण्या आईकडं बघत राहिला. मग म्हणाला, "हाय की. हुईल बरं. तुमी गाडी धाडा."

"काका, नीट सांगा!" नात दाबता दाबता ओरडली. तिला हात सोडता येत नव्हते.

मी फोन हिसकला. "बाई मेलेली हाय," मी म्हणाले. "करंट लागला. श्वास न्हाई, नाडी न्हाई. पोरगी छाती दाबतीया. शॉकची मशीन असलेली गाडी पाठवा." वस्ती कुठली, वळायचं कुठं, तेही सांगितलं. पलीकडची बाई म्हणाली, "निघाली गाडी. दाबणं थांबवू नका."

फोन ठेवला तर सगळे माझ्याकडं बघत होते.

"मोठ्याई, काळ्या जिभेची हाईस तू," पुतण्या म्हणाला. "माझ्या आईला जित्तेपनी मारलीस."

"मारली विजेनं. मी नुसतं नाव घेतलं."

जाऊ मेली असं मी म्हटल्यावर, आवाज ऐकून आलेली शेजारीण घरात गेली आणि पेल्यात पाणी, वर तुळशीचं पान घेऊन आली. शेवटचं पाणी तोंडात घालायला. जावेचं तोंड उघडंच होतं. मी शेजारणीचा हात धरला.

"तिला तहान लागलीय व्हय?"

"थोरल्या आत्याबाई, कोरड्या तोंडानं जाऊ द्यायचं का?"

"पानी नरड्यात गेलं तर जाईल. व्हय बाजूला." पेला मी मातीत ओतला. ती रडायला लागली. रडू दिलं.

नातीचा घाम जावेच्या लुगड्यावर टपटपत होता. पुतण्यानं तिचा खांदा धरला. "बास झालं. हाल करू नको तिचे. सर्टिफिकीट तरी हाय का तुझ्याकडं?"

"नाही," नात म्हणाली. "काका, तुम्ही दाबा. माझा जोर संपलाय."

"मी?"

"इथं तळहात ठेवा. कोपर वाकवू नका. मी मोजते."

"आईच्या छातीवर मी कसा..."

"रडायचं तर दाबता दाबता रड," मी म्हणाले.

तो बसला. आधी भीत भीत, मग नात ओरडली तसा जोरात. आणखी एक काडी मोडली. त्यानं डोळे मिटले, पण हात हलवत राहिला. दोघं आलटून पालटून दाबत होते. रस्त्यावर काही दिसत नव्हतं. मला वाटलं, मी म्हणाले तेच खरं होणार.

शेवटी सायरन ऐकू आला. डॉक्टर आणि एक माणूस पेटी घेऊन उतरले. चोळी कापली, छातीला चिकटपट्ट्या लावल्या. दिरांना कळलं काय करणार ते. ते मध्ये आले.

"करंटनंच गेली आन् परत करंट देता?"

नातीनं त्यांना दंडाला धरून मागं ओढलं. जाऊ एकदा उडाली. काही नाही. परत दाबणं सुरू. दुसऱ्यांदा उडाली. डॉक्टर मानेला बोटं लावून बसले. मग म्हणाले, "स्ट्रेचर घ्या."

नात गाडीत चढली, पुतण्या चढला. मला जागा नव्हती.

दवाखान्यात जावेच्या उजव्या हाताची दोन बोटं काढावी लागली. बरगड्या जुळायला पावसाळा गेला. नातीनं परीक्षा दिली, पास झाली. जाऊ जगली.